आठवी अट

जाहिरात मीच लिहिली होती.
बंदर-कचेरीत मदतनीस पाहिजे,
आणि खाली आठ अटी,
दोरीवर वाळत घातलेल्या माशांसारख्या.

पहिल्या चार खऱ्या :
नोंदवही, फोन, डॅनिश भाषा, पहाटे पाचला जाग.
पाचवी संगणकावरच्या हिशेबाची,
सहावी गाडीच्या परवान्याची. ती तुम्मासची,
आमच्या साहेबांची. त्यांना कुणीतरी घरी सोडावं लागतं.
सातवी दोन वर्षांच्या अनुभवाची,
कारण सगळेच ती लिहितात.
आठवी मी टाकली.
सातावर यादी लंगडी दिसत होती.

नऊ अर्ज आले.
आठ छापील, गुळगुळीत, कोपऱ्यात फोटो.
नववा समोरच्या काल्सोय बेटावरून, मार्युनचा,
निळ्या शाईत,
ओळी डोंगरउतारावर निघालेल्या.

"बावीस वर्षं मी क्लाक्सविकला माशांचे काटे काढले.
मार्चमध्ये कारखान्याला कुलूप लागलं.
तुमच्या आठांतल्या चार मला जमतात.
पाचवी येत नाही,
पण ज्याला येते तो माझ्या शेजारी राहतो
आणि माझ्याकडे जेवतो.
गाडीचा परवाना नाही. बोटीचा आहे, चालेल का?
अनुभव दोन वर्षांचा नाही, बावीसचा आहे,
वेगळ्या कामाचा. निम्मा धरलात
तरी अकरा भरतात.
आठवी मला कळली नाही.
जावयाला विचारलं, तो शिकलेला आहे,
त्यालाही कळली नाही.
शिकून घेईन.
आधी ती काय आहे ते सांगा."

मी उभ्यानंच वाचलं.
मग जाहिरात काढून आठवी अट वाचली,
रिकाम्या कचेरीत, मोठ्यानं, दोनदा :
समन्वयात्मक प्रक्रियांची सर्वांगीण जाण.
हीटर टकटकला.
खिडकीबाहेर धुक्यानं धक्का गिळला होता,
नुसता भोंगा ऐकू येत होता, कुठल्या बोटीचा कोण जाणे.

कुठून उचलली होती मी ती?
कोपनहेगनच्या कुठल्यातरी जुन्या कागदावरून,
वजनदार वाटली म्हणून.

उरलेले आठ अर्ज पुन्हा काढले.
आठांनीही आठवीपुढे लिहिलं होतं : होय.
एकानं तर : उत्तम.

एकोणीस वर्षांपूर्वी मी इथे आलो
तो हाच हीटर दुरुस्त करायला.
म्हातारा एलियास तेव्हा या खुर्चीत.
म्हणाला, अक्षर बरं आहे का तुझं? बस मग.
ना अर्ज, ना यादी.
अक्षर बरं नव्हतं.
दुसऱ्याच दिवशी त्याला ते दिसलं,
आणि त्यानं वहीचं पान उलटलं.

साहेब म्हणाले होते, आठही असतील तेवढेच बोलाव.
आठही असणारे आठ निघाले,
आणि त्यांतल्या एकालाही मी विचारू शकत नव्हतो
की बाबा रे, मला समजावून सांग.

अर्ज गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवला. काढला.
मधे सरकवला. पुन्हा वर.
ह्या असल्या हिमतीचं करायचं काय,
कागदाच्या वजनाइतकीच असते ती.

शेवटी फोन लावला.
गुरुवारी दहाला या, म्हटलं.
पलीकडे पातेलं उतरवल्याचा आवाज.
"आणि ती आठवी?"
माझी जीभ टाळ्याला चिकटली.
"तोवर मी विचारून ठेवतो," म्हणालो.
"कुणाला?"
मी उत्तर दिलं नाही.
ती हसली नाही, हे तिचे उपकार.

"सातची फेरी धरते," ती म्हणाली,
"धुक्यानं सोडलं तर."
"आणि नाही सोडलं तर?"

"लिहिलंय की अर्जात," मार्युन म्हणाली,
"सहाव्या अटीपुढे."